असिंक अ‍ॅपमध्ये टोकन तपासताना नेमकं कुठे घसरतं

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या आडत्यांसाठी एक अ‍ॅप बनवायचं आहे असं धरून चालू. कांदा-बटाट्याची आवक किती, भाव काय, हे पहाटेपासून मोबाइलवर दिसत राहायला हवं. सर्व्हर पायथनमध्ये, फास्टएपीआय या वेब फ्रेमवर्कवर. चालू भाव वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, जातात. लॉगिनचं काम वेगळ्या ओळख सर्व्हरकडे. बाजार सुरू झाला की गाळ्यागाळ्यांतून मोबाइल उघडतात आणि प्रत्येक विनंतीसोबत एक टोकन, म्हणजे लॉगिन झाल्यावर ओळख सर्व्हरने दिलेला सहीचा मजकूर, येतं. ते खरं, की कुणी घरी बसून बनवलेलं, हे सर्व्हरने ठरवायचं.

टोकनवरचे बहुतेक लेख सही कशी तपासायची एवढं सांगून थांबतात. ते काम लायब्ररी करते, आणि चांगलं करते. असिंक अ‍ॅपमध्ये (म्हणजे वाट पाहताना दुसऱ्याचं काम पुढे नेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) घोटाळा होतो तो तपासणीच्या मध्येच कुठेतरी अवेट आला की. अवेट आला म्हणजे आपलं काम तिथे थांबतं आणि त्याच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या त्याच धाग्यावर, दुसऱ्यांच्या विनंत्या पुढे सरकतात. आपण परत येतो तोवर सही तपासायची किल्ली बदललेली असू शकते, समोरचा माणूस कनेक्शन सोडून गेलेला असू शकतो, नाहीतर एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये भलत्याच माणसाचं नाव येऊन बसलेलं असू शकतं. म्हणून तपासणीत थांबायच्या जागा कमीत कमी ठेवायच्या, आणि ज्या राहतील त्या एकेक करून बांधून घ्यायच्या. आधी टोकनची जुजबी ओळख करून घेऊ.

आत काय असतं आणि काय तपासायचं

जेडब्ल्यूटी हा टोकनचा प्रकार मे २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ (इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजांपैकी एक) म्हणून प्रमाणित झाला. टिंबांनी जोडलेले तीन तुकडे: हेडर, पेलोड आणि सही. पहिले दोन तुकडे बेस६४ पद्धतीने लिहिलेले असतात, कुलूपबंद नसतात. टोकन हाती लागलेला कोणीही ते उघडून वाचू शकतो. त्यामुळे आडत्याचा आधार क्रमांक, पॅन, बँक खातं यातलं काहीही पेलोडमध्ये जाता कामा नये. वापरकर्त्याचा आतला आयडी आणि त्याची भूमिका एवढं पुरतं. पेलोड फुगला की दुसरा त्रासही होतो. कुकीची मर्यादा साधारण ४ केबी असते, आणि एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे हेडरची एक ओळ ८ केबीच्या बफरमध्ये बसावी लागते. परवानग्यांची लांबलचक यादी टोकनमध्ये कोंबली की एखाद्या मोठ्या व्यापाऱ्यालाच नेमका ४०० (विनंती चुकीची) येतो आणि कारण दिवसभर सापडत नाही.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी टोकनची लांबी आणि तीन तुकडे आहेत का ते पाहायचं. मग हेडर उघडून फक्त दोन गोष्टी वाचायच्या: अल्गोरिदमचं नाव आणि किल्लीचा आयडी, म्हणजे किड. अल्गोरिदम आपल्या यादीत असेल तरच पुढे जायचं, आणि ती यादी कोडमध्ये पक्की लिहिलेली हवी, बहुधा एकाच नावाची, आरएस२५६ किंवा ईएस२५६. दोन्हींत सही गुप्त किल्लीने होते आणि तपासणी सगळ्यांना खुल्या असलेल्या पब्लिक कीने. त्यानंतर किडवरून किल्ली शोधायची, सही जुळवायची, आणि सही जुळल्यावरच पेलोडमधल्या दाव्यांकडे वळायचं.

अल्गोरिदम हेडरमधून उचलून तसाच वापरला तर काय होतं, हे २०१५ मध्ये टिम मॅक्लीन यांनी दाखवून दिलं. काही लायब्रऱ्या 'नन' असा अल्गोरिदम लिहिलेलं, सही नसलेलं टोकन बिनदिक्कत स्वीकारत होत्या. दुसरी युक्ती जास्त वाकडी होती. सर्व्हर आरएस२५६ची पब्लिक की घेऊन बसलेला असतो. हल्लेखोर हेडरमध्ये एचएस२५६, म्हणजे सही आणि तपासणी एकाच गुप्त किल्लीने करणारा अल्गोरिदम, लिहितो आणि तीच पब्लिक की, जी सगळ्या जगाला उपलब्ध आहे, सिक्रेट म्हणून वापरून सही करतो. सर्व्हर हेडरवर विश्वास ठेवून त्याच किल्लीने एचएस२५६ मोजतो आणि सही जुळते. फेब्रुवारी २०२० च्या आरएफसी ८७२५ मध्ये यावरच्या काळज्या एकत्र मांडल्या आहेत. तो दस्तऐवज लहान आहे आणि मूळ प्रमाणापेक्षा आधी तो वाचावा असं आमचं मत. लायब्ररी अद्ययावत ठेवण्याला पर्याय नाही, हे २०२२ मध्ये जावाने शिकवलं: जावा १५ ते १८ मध्ये ईसीडीएसए (ईएस२५६ मागची पद्धत) सहीचे दोन्ही आकडे शून्य टाकले तरी ती खरी ठरत होती.

हेडरमध्ये किल्लीचा पत्ता किंवा चक्क किल्लीच पाठवायची सोयही प्रमाणात आहे. तिच्याकडे सरळ दुर्लक्ष करायचं. चोराने आणलेल्या किल्लीने कुलूप उघडतं का हे तपासण्यात अर्थ नाही. किडही बाहेरून आलेला मजकूर आहे हे लक्षात ठेवून तो फाइलच्या नावात किंवा एसक्यूएलमध्ये कधी जोडू नये. मेमरीतल्या डिक्शनरीत शोधावा, एवढंच.

दाव्यांमध्ये इश्युअर (टोकन कोणी दिलं), ऑडियन्स (कोणासाठी दिलं) आणि एक्स्पायरी (मुदत) हे तिन्ही हवेतच. इथे पायजेडब्ल्यूटी लायब्ररीत एक खाच आहे. एक्स्पायरी टोकनमध्ये असेल तर ती तपासते, मुळात नसेल तर गप्प बसते. म्हणजे एक्स्पायरी न लिहिलेलं टोकन जन्मभर चालतं. डीकोड करताना ऑप्शन्समध्ये 'रिक्वायर' नावाची यादी देऊन हे तिन्ही दावे सक्तीचे करावे लागतात. ऑडियन्स न तपासणं ही तर नेहमीची चूक. त्याच ओळख सर्व्हरने गोदामाच्या अ‍ॅपसाठी दिलेलं टोकन सहीच्या दृष्टीने शंभर टक्के खरं असतं, तरी ते भावाच्या अ‍ॅपला चालता कामा नये. ठाणे-वाशी पास खरा असला म्हणून तो कल्याणला चालत नाही. आयडी टोकन हे लॉगिन झाल्याची पावती आहे. तेही एपीआयसाठी वापरू देऊ नये.

साडेपाच तासांचा घोळ

एक्स्पायरी १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत लिहायची असते, तीही युटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. भारतात बसून कोड लिहिणाऱ्यांना इथे दोन सापळे आहेत, आणि दोन्ही युटीसीवरच्या सर्व्हरवर घडत नाहीत, भारतीय वेळेच्या लॅपटॉपवरच घडतात.

पहिला: पायथनमध्ये युटीसी-नाऊ घेऊन त्यात १५ मिनिटं मिळवायची आणि टाइमस्टॅम्प काढायचा. युटीसी-नाऊने दिलेल्या वेळेवर टाइमझोनचा शिक्का नसतो, म्हणून टाइमस्टॅम्प फंक्शन तिला स्थानिक वेळ समजतं. महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो. निघणारा आकडा १९,८०० सेकंदांनी मागे पडतो आणि टोकन जन्मतःच मुदत संपलेलं निघतं. क्लाउडवरचं मशीन बहुधा युटीसीवर असतं, तिथे सगळं ठीक चालतं. मग 'लॅपटॉपवरच काहीतरी बिघडलंय' म्हणून कोणीतरी लीवे, म्हणजे मुदतीत दिलेली सूट, वाढवून सहा तास करतो, आणि तीच सेटिंग पुढे प्रॉडक्शनला जाते.

दुसरा सापळा उलटा आणि जास्त वाईट. साध्या नाऊ फंक्शनची, म्हणजे स्थानिक, शिक्का नसलेली वेळ पायजेडब्ल्यूटीला थेट दिली तर ती लायब्ररी तिला युटीसी धरते. १५ मिनिटांचं टोकन भारतीय वेळेच्या मशीनवर पावणेसहा तास जगतं. काहीच मोडत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन्हींवर उपाय एकच: नाऊ फंक्शनला टाइमझोन म्हणून युटीसी स्पष्ट द्यायचा. युटीसी-नाऊ पायथन ३.१२ पासून मोडीत काढण्याच्या यादीत आहेच. जावास्क्रिप्टमध्ये डेट-नाऊ मिलिसेकंद देतं. ते हजाराने न भागता एक्स्पायरीत घातलं तर टोकन पन्नास हजार वर्षांहून जास्त चालेल.

दोन मशीनच्या घड्याळांत थोडा फरक राहतोच, त्यासाठी ३० सेकंद लीवे पुरतो, फार तर ६०. त्याहून जास्त लागत असेल तर घड्याळ जुळवणारं क्रोनी चालू आहे का ते बघा. लीवेला हात लावू नका.

विसरलेला अवेट

तपासणीचं फंक्शन असिंक असेल आणि ते बोलावताना अवेट लिहायचं राहिलं, तर हातात उत्तर येत नाही, कोरूटीन नावाची, अजून न चाललेल्या कामाची वस्तू येते. 'जर टोकन बरोबर असेल तर' या अटीत ती वस्तू ठेवली की अट कायम खरी ठरते, कारण पायथनमध्ये रिकामी नसलेली वस्तू खरीच मानली जाते. म्हणजे दरवाजा सताड उघडा, आणि पहिल्या चाचणीत सगळं मस्त चालतंय असंच दिसतं, कारण खऱ्या टोकनलाही प्रवेश मिळतो. पायथन निदान लॉगमध्ये 'कोरूटीनला अवेट केलं नाही' अशी ताकीद देतं. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिसचंही (नंतर येणाऱ्या उत्तराच्या वस्तूचंही) असंच होतं, आणि तिथे ताकीदही येत नाही.

यावरचा चांगला उपाय डिझाइनमध्येच आहे. तपासणीने खरं-खोटं असं उत्तर देऊच नये. टोकन बरोबर असेल तर वापरकर्त्याची वस्तू द्यावी, नसेल तर एक्सेप्शन फेकावं. मग अवेट विसरला तर पुढच्याच ओळीत, वापरकर्त्याचा आयडी वाचताना, कोड फुटतो. पायटेस्ट या चाचणीच्या साधनात त्या ताकिदीला एरर करायची सोय आहे, ती चालू ठेवावी. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर लिंटरमधला (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनातला) तरंगत्या प्रॉमिसचा नियम सुरू करा.

थ्रेडवर काय ढकलायचं, काय नाही

इव्हेंट लूप, म्हणजे असिंक कामं आळीपाळीने पुढे नेणारा भाग, एका थ्रेडवर चालतो, म्हणून 'सही तपासणं म्हणजे गणित, ते वेगळ्या थ्रेडवर ढकला' असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हाला तो पटत नाही. २०४८ बिटांच्या आरएस२५६ सहीची पडताळणी आजच्या मशीनवर काही दहा मायक्रोसेकंदांत होते. थ्रेडवर काम पाठवून परत आणायलाच तेवढा वेळ जातो. ईएस२५६ला जरा जास्त लागतो, तरी मिलिसेकंदाच्या आतच. हे लूपवर सरळ करावं, आणि शक्य तर अवेट नसलेल्या साध्या फंक्शनमध्ये. मध्ये थांबण्याची जागाच नसेल तर मध्ये काही बदलणारही नाही.

पासवर्डचं मात्र वेगळं आहे. पासवर्ड तपासणारं बीक्रिप्ट मुद्दाम संथ बनवलेलं आहे. कॉस्ट (संथपणाची पातळी) १२ ला एका पासवर्डला पाव सेकंदाच्या आसपास लागू शकतो. ते लूपवर केलं तर दहा जणांच्या लॉगिनने बाकी सगळ्यांचे भाव दोन-अडीच सेकंद गोठतात. ते पायथनच्या असिंकआयओ लायब्ररीतल्या टू-थ्रेडमधूनच व्हायला हवं.

फास्टएपीआयमध्ये एक गोष्ट नीट समजून घ्यावी: डिपेंडन्सी, म्हणजे विनंतीआधी चालणारं फंक्शन, साध्या डेफने लिहिली तर ती थ्रेडपूलमध्ये चालते, असिंक डेफने लिहिली तर थेट लूपवर. थ्रेडपूलची मूळ मर्यादा ४० आहे. साध्या डेफमध्ये नेटवर्कची वाट पाहणारं काही असेल आणि पलीकडचा सर्व्हर अडकला, तर चाळीस जण आत अडकतात आणि एक्केचाळिसाव्यापासून सगळे रांगेत. असिंक डेफमध्ये तेच लिहिलं तर एकच जण अडकून सगळा प्रोसेस बंद पडतो. दोन्ही वाईट, पण दुसरं लवकर कळतं.

किल्ल्या आणायच्या कशा

सगळ्यात जास्त पडझड इथे होते.

ओळख सर्व्हर आपल्या पब्लिक किल्ल्या एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवतो. त्या यादीला जेडब्ल्यूकेएस म्हणतात. किल्ल्या अधूनमधून बदलतात, म्हणून ती यादी आपल्याला परत परत आणावी लागते. पायजेडब्ल्यूटीमध्ये यासाठी एक तयार क्लायंट आहे आणि उदाहरणांमध्ये सगळीकडे तोच दिसतो. तो आतून पायथनचं साधं, सिंक (उत्तर येईपर्यंत अडवून ठेवणारं) यूआरएललिब वापरतो. यादी ३०० सेकंद जपून ठेवतो, टाइमआउट ३० सेकंदांचा. असिंक डेफमध्ये तो वापरला तर दर पाच मिनिटांनी एक विनंती अख्ख्या लूपला थांबवते. ओळख सर्व्हर मुंबईतच असेल तर काही मिलिसेकंद जातात, कोणाला कळतही नाही. तो अमेरिकेत असेल तर नुसत्या जाण्या-येण्याला २०० मिलिसेकंदांच्या पुढे, वर टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) हातमिळवणी. आणि तो अडकला तर अर्धा मिनिट तुमचा प्रोसेस मेल्यासारखा. तेवढ्यात विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरची हेल्थ चेक फसते, तो या प्रोसेसला बाहेर काढतो, ताण उरलेल्यांवर जातो, आणि त्यांचीही पाच मिनिटं भरत आलेली असतातच.

आम्ही सुचवू ती रचना अशी. किल्ल्या मेमरीतल्या एका डिक्शनरीत, किडवरून शोधता येतील अशा. अ‍ॅप सुरू होताना, पहिली विनंती घेण्याआधी, यादी एकदा आणायची. त्यानंतर एक बॅकग्राउंड टास्क दर पाच-दहा मिनिटांनी एचटीटीपीएक्ससारख्या असिंक क्लायंटने ती ताजी करतो, टाइमआउट ३ सेकंद. आणता आली नाही तर जुनी यादी टाकायची नाही. ठरवलेल्या कमाल मुदतीपर्यंत, समजा तासभर, तीच चालवायची. असं केलं की ९९ टक्क्यांहून जास्त वेळा विनंतीच्या वाटेत अवेट येतच नाही.

राहतो तो अनोळखी किडचा प्रसंग. किल्ली नुकतीच बदलली आणि नव्या किल्लीने सही केलेलं टोकन आलं, तर यादी लगेच आणायला हवी. पण पहाटेच्या गर्दीत अशी ८०० टोकनं एकदम आली तर ८०० जण 'माझ्याकडे किल्ली नाही' म्हणत एकाच वेळी यादी आणायला धावतात, आणि ओळख सर्व्हर झोपतो. म्हणून असिंक लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. लॉक मिळाल्यावर आधी परत एकदा डिक्शनरी पाहायची, कारण आपण रांगेत असताना पुढच्याने यादी आणलेली असते. ही दुसरी पाहणी विसरली तर लॉक असूनही ८०० फेऱ्या होतात, फक्त एकापाठोपाठ एक, म्हणजे आणखी हळू.

एवढंही पुरत नाही. किड सही तपासण्याच्या आधी वाचला जातो, त्यामुळे कोणीही उपटसुंभ मनाला येईल ते किड लिहून टोकनं पाठवू शकतो आणि प्रत्येक टोकन आपल्याला ओळख सर्व्हरकडे पळवतं. म्हणून थंडावा हवा: मागची फेरी झाल्यापासून ३० सेकंद व्हायचे असतील तर अनोळखी किड सरळ नाकारायचा. किल्ली बदलणाऱ्यांनीही नवी किल्ली आधी यादीत टाकावी, सगळ्यांच्या कॅशमध्ये पोचायला वेळ द्यावा आणि मगच तिने सही सुरू करावी. जुनी किल्ली शेवटच्या टोकनची मुदत संपेपर्यंत यादीत राहू द्यावी.

लॉकऐवजी काही जण एकच टास्क सुरू करून सगळ्यांना त्याच्यावर थांबवतात. चांगली पद्धत, पण तिच्यात एक लपलेला खड्डा आहे. ज्या विनंतीची वाट पाहणं रद्द होतं, समजा तिच्यावर लावलेला टाइमआउट संपला, ती आपल्यासोबत त्या टास्कलाही रद्द करते. मग त्याच टास्कवर थांबलेल्या बाकी सगळ्यांना कॅन्सल्ड-एरर मिळतो, काही चूक नसताना. पायथन ३.८ पासून हा एरर नेहमीच्या एक्सेप्शन वर्गात बसत नाही, त्यामुळे 'एक्सेप्ट एक्सेप्शन' त्याला पकडतही नाही. उपाय: टास्कवर थांबताना असिंकआयओचं शील्ड लावायचं. मग वाट पाहणारा गेला तरी टास्क चालू राहतो.

आणि किल्ली खरोखरच मिळाली नाही तर ५०३ (सेवा तात्पुरती बंद) द्यायचा, ४०१ (ओळख पटली नाही) नाही. ४०१चा अर्थ मोबाइल अ‍ॅप 'माझं टोकन वाईट' असा घेतं, नवं टोकन मागायला, म्हणजे रिफ्रेशला, धावतं, आणि आधीच धापा टाकणाऱ्या ओळख सर्व्हरवर आणखी ओझं टाकतं. ओळख पटली पण परवानगी नाही, तेव्हा ४०३.

माणूस कोण, हे ठेवायचं कुठे

टोकन तपासून झालं, वापरकर्ता कळला. तो एखाद्या मॉड्यूलच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. एका विनंतीने तिथे नाव लिहिलं, मग डेटाबेसच्या अवेटवर थांबली. तेवढ्यात दुसरीने तिथे आपलं नाव लिहिलं. पहिली परत आली आणि दुसऱ्याच्या नावाने सौदा नोंदवून मोकळी झाली. एकट्याने चाचणी घेताना हे कधीच दिसत नाही. थ्रेडनिहाय वेगळी किंमत ठेवणाऱ्या थ्रेड-लोकलनेही भागत नाही, कारण सगळ्या विनंत्या एकाच थ्रेडवर असतात. रिक्वेस्टच्या स्टेटमध्ये ठेवा, फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्या, किंवा खोलवर लागत असेल तर पायथन ३.७ पासून असलेलं कॉन्टेक्स्टव्हार वापरा. नोडमध्ये (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) त्याच कामासाठी असिंक-लोकल-स्टोरेज आहे.

रद्द केलेलं टोकन

जेडब्ल्यूटी एकदा दिलं की मुदत संपेपर्यंत चालतं. मोबाइल हरवला तर? सोपा मार्ग म्हणजे मुदतच ५ ते १५ मिनिटं ठेवणं. त्याहून घाई असेल तर टोकनचा आयडी रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसमधल्या काळ्या यादीत टाकायचा, आणि त्या नोंदीचं आयुष्य टोकनच्या उरलेल्या मुदतीएवढंच ठेवायचं, म्हणजे यादी आपोआप साफ होते. रेडिसकडे सही जुळल्यावरच जायचं, नाहीतर फालतू टोकनांनी त्यालाही ताण येतो. रेडिस बंद पडला तर काय, हे आधी ठरवून ठेवा. नुसते भाव पाहणाऱ्याला जाऊ द्यायला हरकत नाही. सौदा नोंदवणाऱ्याला थांबवलंच पाहिजे.

वेबसॉकेट: दार वेगळं, पहारा वेगळा

फास्टएपीआय ज्याच्यावर उभं आहे त्या स्टारलेटचं बेस-एचटीटीपी-मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक विनंतीआधी चालणारा थर, फक्त एचटीटीपी विनंत्या पाहतं. वेबसॉकेटचं कनेक्शन त्याच्या बाजूने निघून जातं. तपासणी तिथे लिहून निश्चिंत झालेल्या अ‍ॅपमध्ये चालू भाव सगळ्या जगाला खुले असू शकतात. एकतर शुद्ध एएसजीआय (असिंक सर्व्हर आणि त्यावरचा कोड यांच्यातला करार) मिडलवेअर लिहून दोन्ही प्रकार हाताळा, नाहीतर सॉकेटच्या रूटवर (पत्त्यावर) वेगळी डिपेंडन्सी लावा.

दुसरी अडचण ब्राउझरची. त्याच्या वेबसॉकेट एपीआयला टोकन नेणारं ऑथरायझेशन हेडर लावता येत नाही. मग लोक टोकन पत्त्यातच, प्रश्नचिन्हापुढे लिहितात, आणि ते एन्जिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये जसंच्या तसं उमटतं. कुकीने भागतं, पण तेव्हा विनंती कुठल्या साइटवरून आली ते सांगणारं ओरिजिन हेडर न चुकता तपासावं लागतं, कारण दुसऱ्या साइटवरून उघडलेल्या सॉकेटसोबतही ब्राउझर कुकी पाठवू शकतो.

आम्हाला तिकिटाची पद्धत बरी वाटते. अ‍ॅप नेहमीच्या टोकनने एक पोस्ट विनंती करतं. सर्व्हर ३२ बाइटचा यादृच्छिक आकडा बनवून वापरकर्ता आणि टोकनची एक्स्पायरी यांच्यासह रेडिसमध्ये ३० सेकंदांसाठी ठेवतो आणि तो आकडा परत देतो. सॉकेट उघडताना पत्त्यात तोच जातो. लॉगमध्ये उमटला तरी वापरून संपलेला असतो. फक्त रेडिसमधून तो काढताना गेट आणि डेल असे दोन हुकूम देऊ नका. दोन हुकूम म्हणजे दोन अवेट, आणि त्यांच्या मधल्या फटीतून एकाच तिकिटावर दोघं आत येतात. रेडिस ६.२ पासून गेटडेल हा एकच हुकूम आहे, तो वापरा.

तिकीट चुकीचं निघालं तर कधी नकार द्यायचा, हेही ठरवावं लागतं. अ‍ॅक्सेप्टच्या आधी बंद केलं तर पलीकडे ४०३ जातो आणि ब्राउझरमधल्या कोडला नुसता १००६ (कनेक्शन अचानक बंद) दिसतो. कारण कळत नाही. कारण कळवायचं असेल तर आधी अ‍ॅक्सेप्ट करून मग आपल्या कोडने बंद करा. ४००० ते ४९९९ हे आकडे अ‍ॅप्ससाठी मोकळे आहेत. ४४०१ वाचणाऱ्याला लगेच समजतो.

आता खरी मेख. एचटीटीपीत प्रत्येक विनंतीला तपासणी होते, सॉकेटमध्ये एकदाच, सुरुवातीला. टोकन १५ मिनिटांचं आणि सॉकेट सकाळपासून दुपारपर्यंत उघडा, असं सहज होतं. परवाना रद्द झालेला माणूसही तोवर भाव पाहत राहतो. म्हणून सॉकेटचं आयुष्य टोकनच्या एक्स्पायरीला बांधायचं. पायथन ३.११ पासूनच्या असिंकआयओ टाइमआउटमध्ये सगळा संवाद गुंडाळता येतो. तिथे टाइमआउट-अ‍ॅट या भावंडाला एक्स्पायरीचा आकडा तसाच देऊ नका. ते लूपच्या स्वतःच्या घड्याळावर चालतं, १९७० पासूनच्या सेकंदांवर नाही, आणि तुमचा टाइमआउट कधीच येणार नाही. एक्स्पायरीतून आत्ताची वेळ वजा करून उरलेले सेकंद साध्या टाइमआउटला द्या. बाजार उघडताना सगळे एकदम लॉगिन झाले तर सगळ्यांची मुदतही एकदम संपते आणि सगळे सॉकेट एकदम परत येतात. अ‍ॅपमध्ये पुन्हा जोडण्याआधी शून्य ते तीस सेकंदांतला कुठलाही विलंब टाकला की ही लाट पसरते.

रिफ्रेशची झुंबड

सर्व्हर बिनचूक असूनही लोक अचानक लॉगआउट होत असल्याच्या तक्रारी येतात, त्यातल्या पुष्कळ इथून येतात. अ‍ॅप उघडलं, पाच विनंत्या एकदम गेल्या, टोकन मुदतबाह्य, पाचही ४०१. पाचही जण स्वतंत्रपणे रिफ्रेश मागतात. रिफ्रेश टोकन, म्हणजे नवं टोकन मिळवायचं टोकन, दर वेळी बदलणारं असेल तर पहिल्याला नवं मिळतं आणि बाकी चौघं जुनंच घेऊन येतात. ओळख सर्व्हरला हे चोरीसारखं दिसतं, आणि नियमाप्रमाणे तो सगळी साखळीच रद्द करतो.

क्लायंटमध्ये रिफ्रेशचं प्रॉमिस एकच ठेवा: चालू असेल तर त्याच्यावर थांबा, नसेल तर सुरू करा, यशस्वी असो वा अपयशी, संपल्यावर रिकामं करा. दोन टॅब उघडे असतील तर हे पुरत नाही, तिथे ब्राउझरचं वेब लॉक्स एपीआय लागतं. आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये रिफ्रेशची विनंती पोचली पण उत्तर येताना नेटवर्क तुटलं, तर क्लायंटकडे जुनंच टोकन उरतं आणि त्यात त्याची काही चूक नसते. यासाठी ओळख सर्व्हरवर काही सेकंदांची सवलत ठेवावी, त्या वेळात जुनं रिफ्रेश टोकन पुन्हा आलं तर चोरी धरू नये.

चाचण्या

मुदत संपलेलं, एक्स्पायरीच नसलेलं, दुसऱ्या ऑडियन्सचं, 'नन' लिहिलेलं, पब्लिक कीने एचएस२५६ सही केलेलं, अशी टोकनं पाठवून प्रत्येकाला ४०१ येतो का ते पाहा. रूटची यादी अ‍ॅपकडूनच घेऊन प्रत्येकाला टोकनशिवाय मारा. नवा रूट जोडताना डिपेंडन्सी विसरली तर तिथेच पकडली जाते. किल्ल्यांचा कॅश रिकामा करून असिंकआयओच्या गॅदरने २०० विनंत्या एकदम सोडा आणि खोट्या जेडब्ल्यूकेएस सर्व्हरवर फेरी एकच झाली का मोजा. मग त्याच सर्व्हरला उत्तर द्यायला १० सेकंद लावायला सांगा आणि दरम्यान हेल्थ चेक किती वेळात परत येते ते पाहा. दोन वापरकर्त्यांच्या विनंत्या एकत्र सोडून, मध्ये शून्य सेकंदांचं स्लीप टाकून, नावांची अदलाबदल होते का तपासा. सगळा संच दोनदा चालवा, एकदा टाइमझोन युटीसी ठेवून आणि एकदा एशिया-कोलकाता. असिंकआयओचा डीबग मोड या वेळी चालू ठेवा. लूपला १०० मिलिसेकंदांहून जास्त अडवून धरणारं काहीही तो लॉगमध्ये नावासकट सांगतो.